चाळीस जणींत एक बिल्ला

त्या आठवड्यातली ती तिसरी कॉलर होती. पांढरीशुभ्र, नव्या कोऱ्या शर्टाची, आणि टोकाशी मोहरीएवढा लाल डाग. तपासणीच्या टेबलावरून ती परत आली तेव्हा सुपरवायझरबाईंच्या कपाळावर आठी पडली. सुई बोटात शिरली की असे डाग पडतात, हे शिलाईच्या कारखान्यात नवख्या पोरीलाही ठाऊक असतं. पण एकाच मशीनवरून तीन कॉलरी? आणि त्या मशीनवर बसत होती बाईंची सख्खी भावजय.

कारखान्यातल्या बायका सुपरवायझरबाईंना तोंडावर ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘घड्याळबाई’. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. चाळीस जणींच्या लाइनला शौचालयात जाण्यासाठी पितळी बिल्ला एकच, हा नियम ताईंच्याच डोक्यातून निघाला होता. बिल्ला खुंटीवर असेल तरच हात वर करून विचारायचं, उठायचं आणि चार मिनिटांत परत यायचं. नसेल तर दात आवळून कॉलर शिवत बसायचं. नियम लागू झाला आणि माल भराभर निघू लागला. मालकांनी चारचौघांत ताईंची पाठ थोपटली. बायकांनी काय केलं? त्यांनी पाणी पिणं सोडलं.

भावाच्या लग्नानंतर ताईंनीच भावजयीला इथे चिकटवलं होतं. घरची म्हणून सवलत दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्यांचा सगळ्यात कडक हात तिच्यावरच. लेकी बोले सुने लागे, तसा प्रकार. भावजयीने बिल्ल्यासाठी हात वर केला की ताई साऱ्या लाइनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, “घरून आवरून यायला काय होतं गं?” चाळीस माना खाली जात. पुढे पुढे भावजयीने हात वर करणंच सोडलं, आणि ताईंना वाटलं, चला, पोरगी वळणावर आली!

आज त्यांनी तिला बाजूला घेतलं.

“बोटं दाखव.”

बोटं धड होती.

“बाही वर कर.”

भावजय मान हलवत मागे सरकली. ताईंनी स्वतःच बाही वर सरकवली आणि त्यांचा हात तिथेच थबकला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लालभडक, खरखरीत, जागोजागी नखांनी ओरबाडलेली. तेच रक्त कॉलरींना लागत होतं.

“कधीपासून आहे हे?”

“वर्ष होईल.”

“वर्ष! एका छपराखाली राहतो आपण, आणि मला पत्ता नाही?”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत, ताई.”

वर्षभर तिने काय काय करून पाहिलं होतं! दुकानातली मलमं झाली, शेजारणीने दिलेला लेप झाला, पोट साफ करणारं कसलंसं जालीम चूर्ण झालं. खाज चार दिवस थांबायची आणि दुपटीने परत यायची. ताईंना स्वतःचीच लाज वाटली, पण ती त्यांनी रागात लपवली.

सुट्टीच्या दिवशी त्या तिला वैद्यबाईंकडे घेऊन गेल्या. वैद्यबाई साठीच्या, बोलायला रोखठोक. दोन खुर्च्या आणि एक पलंग मावेल एवढाच त्यांचा दवाखाना.

“हिला खाण्यापिण्याचं भान नाही,” ताईंनी बसता बसताच सुरुवात केली. “चांगलं मलम द्या. कामावर खाडा व्हायला नको.”

वैद्यबाईंनी हात पाहिला, जीभ पाहिली, पोट दाबलं, खालची पापणी ओढून पाहिली. मग विचारलं, “पोट कधी साफ होतं?”

“रोज होत असणार, नाही तर...” ताई म्हणाल्या.

“पोट तिचं आहे ना? मग उत्तर तिलाच देऊ द्या.”

भावजय जमिनीकडे बघत होती. “सुट्टीच्या दिवशी,” ती म्हणाली.

“आणि बाकीचे सहा दिवस?”

“पहाटे मजल्यावरच्या संडासाला पाच घरांची रांग असते. सहाला कारखान्याची पाळी सुरू होते. मग तिथे जमत नाही.”

“पाणी?”

“नाही पीत. प्यायलं की उठावं लागतं.”

“जेवण?”

“चार घास कोंबते. सकाळचंच पचलेलं नसतं, पण नंतर वेळ मिळत नाही.”

वैद्यबाईंनी आवाज खाली आणला. “रक्त पडतं का, पोरी?”

तिने होकारार्थी मान हलवली. पडत होतं. कित्येक महिने. म्हणूनच ती काळे कपडे घालायची, आणि ताईंना वाटत आलं होतं की तिला काळा रंग आवडतो.

“रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुमचं,” वैद्यबाई ताईंना म्हणाल्या. “कापडाची धूळही असेल कारण, नाही असं नाही. पण आमचं शास्त्र आधी पोट विचारतं. जठराग्नी मंद झाला, खाल्लेलं पचेना, पचलेल्याचा मळ बाहेर पडेना, की ते कुठेतरी फुटून निघतंच. हिच्या कातडीवर निघालं. मलम लावून मी काय झाकू? आणि या पोरीच्या पापणीत रक्ताचा थेंब नाही. आजच्या आज इस्पितळात न्या. तिथलं काम माझ्या पुड्यांनी होणार नाही.”

“पण नियम सगळ्यांना सारखा आहे!” ताई एकदम बोलून गेल्या. कुणी नियमाचं नावही काढलं नव्हतं.

“कसला नियम?”

ताईंनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज बारीक बारीक होत गेला.

वैद्यबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “शरीराचे तेरा वेग सांगितलेत शास्त्रात. मल, मूत्र, भूक, तहान, झोप, अगदी रडूसुद्धा. ते अडवू नयेत. आणि अडवायचे कोणते, तेही सांगितलंय बरं का! लोभ अडवावा, राग अडवावा, गर्व अडवावा. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांना जे कळलं ते आपण उलटं करून ठेवलंय, बाई. लोभाला रान मोकळं आणि लघवीला पहारा! तुम्हाला स्वतःला जायचं असेल तेव्हा कुठे जाता?”

ऑफिसच्या शौचालयाची किल्ली ताईंच्या कमरेला होती. त्यांनी ती पदराखाली झाकली.

इस्पितळात भावजयीला दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. मूळव्याध फार पुढे गेली होती, शस्त्रक्रिया करावी लागली. “आणखी उशीर केला असतात तर अवघड होतं,” डॉक्टर म्हणाले. भाऊ बहिणीशी एक शब्द बोलला नाही. ताई बाकावर बसून होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो या पोरीने वर्षभर खाल्ला, आणि मारणारे हात आपलेच होते, हे त्यांना आता चांगलंच कळलं होतं.

चौथ्या दिवशी त्या मालकांसमोर उभ्या राहिल्या. “बिल्ला बंद करतेय.”

“आणि माल कमी निघाला तर?”

“तर आधी मला काढा. पण काढायच्या आधी एक दिवस मशीनवरच्या खुर्चीवर बसा, साहेब. सकाळी तांब्याभर पाणी पिऊन बसा!”

मालकांनी महिनाभर बघू म्हणत हात झटकले. ताईंना तेवढं पुरे होतं. त्यांनी लाइनवर येऊन मशीनं बंद करायला लावली.

“आजपासून परवानगी मागायची नाही,” त्या म्हणाल्या. “ज्या वेळी जायचं त्या वेळी उठायचं. पाणी प्यायचं. जेवताना बसून जेवायचं. मी चुकले. माझ्याच घरातलं माणूस मरता मरता वाचलं तेव्हा मला कळलं.”

कुणीही उठलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ताई एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटी काज करणारी म्हातारी मावशी म्हणाली, “आता बोलावलं तरी येत नाही हो, ताई. सवयच मोडली.” हसण्यासारखं होतं, पण एकही बाई हसली नाही.

घरी भावजय भिंतीला टेकून कोमट पाणी पीत होती. हातावरची लाली अजून पुरती ओसरली नव्हती. वैद्यबाईंनी सांगितलं होतं, सहा महिने तरी लागतील.

“मी त्या मशीनवर परत येणार नाही, ताई,” ती म्हणाली.

“नको येऊस. मला माफ करशील?”

“माहीत नाही. आधी बरी तर होऊ दे.”

ताईंनी मान डोलावली. हे ऐकून घेणं त्यांच्या वाट्याला आलंच होतं.

वाचकहो, कारखाना सोडा. आपल्यापैकी प्रत्येकाच्या शब्दासाठी कुणी ना कुणी खोळंबलेलं असतं. वर्गात हात वर करून थांबलेलं मूल असेल, दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी असेल, घरात सगळ्यांचं आटपेपर्यंत ताटकळणारी सून असेल. पथ्य, पुड्या आणि लेप नंतर. आधी त्या माणसाला उठू द्या, पाणी पिऊ द्या, शांतपणे दोन घास खाऊ द्या! आपला लोभ आपण आवरला नाही, तर त्याची किंमत दुसऱ्याचं शरीर मोजतं, आणि ते शरीर आपण परवानगी दिली म्हणून लगेच बरं होत नाही.