मी लोर्कनची नव्हते

मित्रांनो, माझ्याबद्दल कुठे काही छापून आलेलं तुम्ही वाचलं असेल, तर ते आधी बाजूला ठेवा. छापलेल्या गोष्टींवर माझा विश्वास उरलेला नाही, आणि त्याला कारण आहे. मी एक जुनी गिटार आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅरिगबेग नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत, संगीताच्या वर्गात, मी सध्या असते. लोक मला लोर्कन हॅनिगनची पहिली गिटार म्हणतात. मी त्याची कधीच नव्हते.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. जन्मात विशेष काही नव्हतं. माझ्यासारख्या दोनशे गिटारी त्या आठवड्यात बाहेर पडल्या असतील. त्यातली मी गॉलवे शहरातल्या एका दुकानात आले आणि तिथून टॉमस फॅरी यांनी मला घरी नेलं. कॅरिगबेगमध्ये त्यांचा पब होता. रविवारी दुपारी गिऱ्हाइकांनी गावं, वाजवावं, एवढ्यासाठी त्यांनी मला आणलं आणि शेकोटीशेजारच्या खिळ्याला अडकवलं. लाकडाला आगीजवळ ठेवू नये हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझी मान थोडी वाकली ती तिथेच.

टॉमसची मुलगी नुआला आणि तिच्या वर्गातला लोर्कन माझ्यावर बरोबरच शिकले. नुआलाचा हात अधिक स्वच्छ होता. पण ती एकटी असली तरी वाजवायची. लोर्कनला मात्र समोर कुणीतरी बसलेलं लागायचं. कुणी नसलं, तर तो खिडकी उघडून वाजवायचा. तेव्हापासूनच मला त्याचा जरा संशय येई. तरी एक सांगते, त्याच्याइतकं जीव ओतून मला नंतर कुणी वाजवलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी तो डब्लिनला गेला, विजेवर चालणारी गिटार घेतली, आणि पाच-सहा वर्षांत अर्ध्या जगाला त्याचं नाव ठाऊक झालं. गावाला त्याचा फार अभिमान वाटला. मग एके दिवशी गावचे पोस्टमन जार्लथ एक मासिक घेऊन पबमध्ये आले आणि मोठ्याने वाचू लागले. लोर्कनने मुलाखतीत सांगितलं होतं, की त्याच्या आईने लोकांच्या घरच्या फरश्या पुसून त्याला पहिली गिटार घेऊन दिली.

"कुणाच्या फरश्या?" नुआलाने विचारलं. "हॅनिगनबाई तर चर्चमध्येसुद्धा हातमोजे घालून येतात. बँकेच्या साहेबाची बायको ती."

"हातमोजे घालूनच पुसत असतील," जार्लथ म्हणाले.

सगळे हसले. खोटं लहानसं होतं, कुणाचं त्यात काही गेलं नव्हतं. पण मी खिळ्यावरून सगळ्यांचे चेहरे पाहत होते. टॉमस हसले नाहीत. गॉलवेहून मला मांडीवर घेऊन बसमधून आले होते ते.

पंच्याऐंशी साली आफ्रिकेत मोठा दुष्काळ पडला आणि लोर्कनने भुकेल्यांसाठी प्रचंड जलसा केला. पबमध्ये टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. गाणं अर्ध्यावर थांबवून लोर्कन थेट आमच्याकडे बोट रोखून म्हणाला, "घरात उबेला बसलेल्यांनो, तुमची मनं दगडाची आहेत का? आत्ता द्या." जार्लथनी हिवाळी कोटासाठी बाजूला ठेवलेले पैसे दुसऱ्या दिवशी पाठवून दिले, आणि तो हिवाळा जुन्या कोटावर, पावसात पत्रं वाटत काढला. कुणापाशी कुरकूर केली नाही. उलट म्हणाले, "पोरगं खोटं बोललं असेल, पण हे खरं बोललं."

मग वर्षं गेली. टॉमस वारले आणि पब नुआला चालवू लागली. लोर्कन राजांबरोबर, मंत्र्यांबरोबर फोटोत दिसू लागला. श्रीमंत देशांच्या सरकारांनी आणखी द्यायला हवं, असं तो त्यांना बजावायचा. आणि एका सकाळी वर्तमानपत्रात आलं, की लोर्कनच्या गाण्यांची कंपनी दुसऱ्या देशात हलवली आहे, कारण तिथे कर कमी पडतो. त्याने ते नाकारलं नाही. सगळं कायद्याला धरून आहे, एवढंच म्हणाला.

तेही लोकांनी एक वेळ सोडून दिलं असतं. पण पुढच्याच वर्षी सरकारकडे पैसा नाही म्हणून आमच्या गावचं प्रसूतिगृह बंद झालं. नुआलाची सून गॉलवेच्या वाटेवर, पावसात, गाडीतच बाळंत झाली. आई आणि बाळ दोघंही वाचली, पण नुआलाने ते मनात धरलं. एकट्या लोर्कनच्या करातून प्रसूतिगृह चाललं नसतं, हे तिला कळत होतं. तरी त्याचं गाणं लागलं की ती रेडिओ बंद करायची.

अशात एका नोव्हेंबरच्या दुपारी लोर्कन स्वतः पबच्या दारात उभा राहिला. बरोबर त्याची कामं बघणारी एक मुलगी होती आणि कॅमेरेवाले दोघं. त्याच्या येण्याआधी तीन दिवस पेपरात बातमी आली होती: हॅनिगनची पहिली गिटार लंडनमध्ये लिलावात जाणार, येणारा सगळा पैसा आफ्रिकेतल्या दवाखान्यांना मिळणार. नुआलाला कुणी विचारलं नव्हतं.

तिने कॅमेरेवाल्यांना बाहेरच थांबवलं. लोर्कनपुढे चहा आणि पाव ठेवला. कोपऱ्यात जार्लथ बसले होते. आता ते म्हातारे झाले होते आणि कुणाची भीड ठेवत नव्हते.

"नुआला, बरी दिसतेस," लोर्कन म्हणाला.

"मी बरी आहे. तू आधी छापलंस आणि मग विचारायला आलास."

"ऑफिसच्या लोकांची घाई झाली. मी माफी मागतो."

"आणि तुझ्या आईने फरश्या पुसल्या, तेही ऑफिसच्या लोकांनीच सांगितलं का?" जार्लथनी विचारलं.

लोर्कन ओशाळला. "पंचविसाचा होतो हो मी. मुलाखतवाल्याला गरिबीची गोष्ट हवी होती, मी दिली. नंतर ती परत घेता येईना."

हे तो खरं बोलला असं मला वाटलं. पण असं खरं बोलण्याचीही सवय होऊ शकते, हेही माझ्या मनात आलं.

"नाव माझं लागलं तरच ती विकली जाईल," तो नुआलाला म्हणाला. "तुझ्या वडिलांच्या नावावर कोण बोली लावणार? त्या पैशात चार दवाखाने उभे राहतील. तू मला नाही म्हणत नाहीयेस, तिथल्या आजारी बायका-पोरांना नाही म्हणते आहेस."

"बघ, हेच ते," नुआला म्हणाली. "हेच तू नेहमी करतोस."

"काय करतो?"

"मागतोस तू, आणि नाही म्हणणारा माणूस वाईट ठरतो."

लोर्कनने कप खाली ठेवला. आवाज न चढवता तो म्हणाला, "एक सांग. माझ्याइतकाच पैसा मिळवलेले दुसरे गवई आहेत. त्यांनी नौका घेतल्या, बेटं घेतली. कर तेही चुकवतात. त्यांच्या नावाने कुणी भिंतीवर शिव्या लिहीत नाही. माझ्या नावाने लिहितात. मी निदान काही केलं. मग राग माझाच का?"

टेबल पुसून झालेलं होतं, तरी नुआलाने ते पुन्हा पुसलं.

"नौकावाला माझ्या दारात येऊन मला दगडाच्या मनाची म्हणाला नाही, लोर्कन. तू म्हणालास. या जार्लथनी तुझं ऐकून कोट घेतला नाही. त्यांचा कर तर पगारातूनच कापला जायचा. कुठल्या देशात भरायचा, असं त्यांना कुणी विचारलं नाही. आम्ही द्यावं, सरकारने द्यावं. तू मात्र जे देशील ते तुझ्या मर्जीने, तुझ्या नावाने."

लोर्कनने खुर्ची मागे सारली. मग उठला, मला खिळ्यावरून काढलं आणि सुरात लावलं. वाकलेल्या मानेचा अंदाज त्याच्या हाताला अजून होता. त्याने आणि नुआलाने पहिल्यांदा बसवलेली धून तो हळू वाजवू लागला. नुआला पाठमोरी उभी राहिली. आता ती वितळणार असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मीही वितळले होते.

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि फटीतून कॅमेऱ्याचं भिंग आत आलं. नुआलाला ते दिसलं नाही. लोर्कनला दिसलं. त्याची पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली, बोटांचा दाब बदलला. तारांवरची बोटं खोटं बोलू शकत नाहीत, मित्रांनो. निदान माझ्याशी नाही. गंमत अशी, की त्यानंतर धून आधीपेक्षा सुरेख वाजली. आजही मी ठरवू शकलेले नाही, की आधीचा लोर्कन खरा होता की नंतरचा.

नुआलाने मान वळवली, दाराकडे पाहिलं आणि मला त्याच्या हातून काढून घेतलं.

"चहा पिऊन जा," ती म्हणाली.

आठवड्याभरात पेपरात आलं, की एका पबवालीने आफ्रिकेतल्या आजारी मुलांच्या मदतीला नकार दिला. लोर्कनने तसं म्हटलं होतं की लिहिणाऱ्याने आपल्या मनचं घातलं, कोण जाणे. परगावाहून नुआलाला खरमरीत पत्रं येऊ लागली. जार्लथ ती उघडून वाचत आणि नीट चुलीत घालत. नुआला हसायची, पण तिची झोप उडाली होती.

नाताळला तिची बहीण इटा घरी आली. इटा अकरा वर्षं आफ्रिकेतल्या मलावीत परिचारिका होती. नुआलाला वाटलं, आता हक्काचं कुणीतरी लोर्कनला शिव्या घालायला मिळेल.

"त्याच्या पैशाचं औषध कधी पोचलं का तरी तिकडे?" तिने विचारलं.

"पोचलं. गाडीवर त्याचा भला मोठा फोटो होता," इटा म्हणाली. "त्या औषधाने उठून बसलेल्या पोरांना मी या हातांनी आंघोळ घातली आहे."

"म्हणजे तू त्याला चांगला म्हणतेस?"

"मी गाडीला चांगली म्हणते. त्याचं मला काही माहीत नाही, आणि पोरांनी विचारलंही नाही."

नुआलाने ताटं उचलून ठेवली. मग तिनेच ठरवलं, की मला सोडतीत ठेवायचं. तिकिटं गावातच विकायची, पैसे इटाच्या दवाखान्याला द्यायचे आणि पाटीवर लिहायचं: टॉमस फॅरी यांची गिटार. तिकिटं बरी खपली. दवाखान्याच्या छपराचे निम्मे पैसे जमले असतील. तेवढ्यात डब्लिनचा शिक्का असलेलं एक पाकीट आलं. आत बँकेचा धनादेश होता. नव्या छपरासकट आणखी एका खोलीला पुरेल एवढी रक्कम होती. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. टंकलेली एकच ओळ होती: तिकीट नको.

"त्याचंच काम," जार्लथ म्हणाले.

"असणारच," नुआला म्हणाली. "आता थांबा. रविवारच्या पेपरात फोटोसकट येईल."

पैसे मलावीला गेले. नुआला दर रविवारी पेपर घ्यायची आणि शेवटच्या पानापर्यंत वाचायची. पहिल्या रविवारी काही आलं नाही. दुसऱ्या रविवारी नाही. महिना गेला, ईस्टर गेला. इटाने नव्या छपराचा फोटो पाठवला, तरी पेपरात एक ओळ नाही. लोर्कनच्या दुसऱ्या कशाकशाच्या बातम्या येत, याची कधी आली नाही.

"त्याने दिलेच नसतील. दुसरंच कुणी असेल," एकदा ती म्हणाली.

"असेल," जार्लथ म्हणाले.

"की या वेळी त्याने खरंच कुणाला सांगितलं नाही?"

"तेही असेल."

तिने पेपरची घडी घातली. तिला त्याला शिव्याही देता येईनात आणि त्याचे आभारही मानता येईनात. पुढे त्याचं गाणं लागलं की रेडिओ बंद करणं तिने सोडलं. पण आवाज मोठा केल्याचं मात्र मी कधी ऐकलं नाही.

उन्हाळ्यात सोडत झाली आणि मी जार्लथना लागले. त्यांना वाजवता येत नव्हतं. त्यांनी मला इथे शाळेत आणून दिलं आणि मास्तरांना बजावलं, की हिच्यावर कुणाचं नाव लिहायचं नाही.

मित्रांनो, तुम्ही मला विचारता, की तो माणूस चांगला होता की वाईट. पस्तीस वर्षं मी त्याच्या बोटांच्या ओळखीची आहे, तरी मला सांगता येत नाही. संशय माझ्या लाकडात मुरला आहे. जो मोठ्याने देतो त्याच्याकडे नीट बघा, एवढं मी म्हणेन. पण बघताना स्वतःचा हात खिशातच राहिला नाही ना, हेही बघा. आणि मला आगीपासून लांब ठेवा, थंडीत तारा सैल करा. वर्गात ऐकायला कुणी नसलं, तरी एखादे दिवशी खिडकी लावून घ्या आणि मला वाजवून बघा.