अप्पाचा वरचा जबडा

वरचे दात गेल्यापासून माझा बाप, अप्पा, "उदो" म्हणायला गेला की तोंडातून नुसता वारा. गोंधळ्याला वारा काय कामाचा? लग्नानंतर लोकांच्या घरी देवीचा गोंधळ घालून आमचं पोट चालतं. पुढच्या मंगळवारी अळणावरला होता. त्या घरच्यांनी फोनवर सांगूनच टाकलं, शब्द कळायला पाहिजेत, नाहीतर दुसरा बघतो.

म्हणून मी अप्पाला नवनगरला घेऊन गेले. तिथं दातांच्या कॉलेजात बोळक्या माणसांची डोकी मोजत होते. लांब डोकं, गोल डोकं, मधलं डोकं, आणि कुणाचा वरचा जबडा केवढा, ह्याचा अभ्यास. जो अभ्यासात बसेल त्याला कवळी फुकट, तीही सोमवारच्या आत.

श्रीलक्ष्मी नावाची डॉक्टरीण होती. चांगली होती, उगाच खोटं कशाला सांगू. कमानीसारखा लोखंडी चिमटा तिनं अप्पाच्या डोक्याला लावला, मग तोंडात गुलाबी लगदा भरून साचा काढला. साचा बघून ती थांबली.

"डोकं गोल आहे," ती कन्नडात म्हणाली, "गोल डोक्याचा जबडा बहुतेक रुंद असतो. ह्यांचा अरुंद आहे, खोलपण. लांब डोक्यावाल्यांसारखा."

तिचे सर आले. मी अप्पाचा सदरा मागून ओढला, म्हणजे गप्प बस. पण डोक्याचं निघालं की ह्याला आई आठवते, मग हा माणूस कुणाचं ऐकतोय थोडंच.

"आमच्या घरात समद्यांची डोकी लांबच, साहेब," अप्पा खुशीत म्हणाला. "माझं अव्वानं गोल केलं. रोज तेल लावून दाबायची, मोहरीच्या उशीवर निजवायची. गावात असलं डोकं कुणाचं नव्हतं."

सर हसले. "मग हे नको. दाबून घडवलेलं डोकं आपल्याला चालत नाही. काढा ह्यांना."

"आणि कवळी?" मी विचारलं.

"ती अभ्यासातल्यांनाच."

"जबडा तर कुणी दाबला नाही ना? तो मोजलात की. तो घ्या."

"ताई, तसं नसतं."

"मग कसं असतं? आजीला ठाऊक होतं का, तुम्ही पट्टी घेऊन बसणार म्हणून?"

"कविता," अप्पा म्हणाला, "साक, पुरे. चल."

श्रीलक्ष्मीनं साचा बाजूच्या बादलीत टाकला.

बसस्टॉपवर मी बोलले, "तोंड उघडायची काय गरज होती तुला?"

"तोंड उघडायलाच तर आलो होतो गं," म्हणाला, आणि हसला. मला हसू आलं नाही.

मग त्यानंच अळणावरला फोन लावला. दुसरा बघा, एवढंच सांगायचं होतं. पलीकडून पुन्हा पुन्हा तेच, काय म्हणता, काय म्हणता. अप्पानं परत सांगितलं, मोठ्यानं. स्टॉपवरचे लोक वळून बघायला लागले. शेवटी त्यानं फोन माझ्या हातात दिला.

मी सांगितलं, अप्पा येणार नाही.

त्यांना लगेच कळलं.