गरम पाण्यातला सेन्सर

कुलदीपचा फोन म्हणजे दोन मिनिटांचा मामला. "जेवले? गोळी घेतली? बरं, ठेवतो." पुण्याच्या नोकरीनं पोराला असं जुंपलं होतं की गावी भातकुलीला यायची सवडच नाही. बापानं, वामनरावांनी, कधी तक्रार केली नाही. करतील कशाला, मानी माणूस! पण पोरगा मागं ठेवून गेलेल्या ऑटोमॅटिक गाडीत लाल दिवा पेटला अन् त्यांचं नशीब उघडलं. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान सांगणारा सेन्सर गेला असेल, घरीच तपासू, असं कुलदीप म्हणाला. आज चक्क अर्धा तास तो व्हिडिओ कॉलवर होता.

बंडू मिस्त्रीनं सेन्सर सकाळीच काढून दिला होता. वामनरावांनी त्याला विजेचा रोध मोजणाऱ्या मीटरच्या वायरी लावल्या. त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, पातेल्याएवढ्या गंजात उकळतं पाणी आणून ठेवलं. फोन तांब्याला टेकवला होता. कुलदीपला बापाचा चेहरा दिसत होता, मीटर दिसत नव्हतं.

"बाबा, पान्यात टाकल्यावर आकडा खाली आला तं सेन्सर चांगला. जागचा हलला नाई तं गेला."

वामनरावांनी सेन्सर बुडवला. आकडा भराभरा उतरला. झालं! सेन्सर ठणठणीत, म्हणजे बिघाड दुसरीकडेच; गाडी अमरावतीच्या गॅरेजात, अन् फोन बंद.

"हलून नाई राहिला लेका," ते म्हणाले. "आता तुलेच येऊन पाहा लागन."

"कायले? नवीन कुरिअरनं पाठवतो ना. परवा भेटन तुमाले."

घ्या! करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

सत्यभामाबाईंनी फोन उचलला. "कुलदीप, आकडा खाली आला रे बापा. तुहा बाप खोटं बोलून राहिला. तुही आठवण येते त्याईले, पन तोंडानं सांगत नाई. मलेई येते."

वामनरावांची मान खाली गेली.

"बाबा," कुलदीप म्हणाला, "ते पानी थंडं होऊ द्या. आकडा पुन्हा वर चढते का, तेई पाहा लागते. मी हाय लाइनवर."

वामनरावांनी हळूच गंजावर ताटली झाकली.

"अवो, झाकलं तं पानी थंडं कधी होईन?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"होऊ दे सावकाश," वामनराव म्हणाले.