कॅरारोची दाद

आयर्लंडमध्ये पाहुण्यांना वेक्सफर्डला ऑपेरा दाखवायला काय, कोणीही नेईल. तिकीट काढायचं, खुर्चीत बसवायचं, झालं. मी नेते त्या सहलीत मात्र वेक्सफर्डनंतर पश्चिम किनाऱ्यावरचं आमचं कॅरारो गाव असतं, कारण कॅरारोत माझा फेस्टीमामा असतो. तसं गाणं कुठल्याही झुंबराखाली ऐकायला मिळायचं नाही. ही बढाई वाटत असेल तर वाटू दे, ती खरी आहे.

या वर्षी मात्र गाडी अडली. वसंतात बॅबमामी गेली आणि मामाने गाणंच टाकलं. मी हात धुऊन त्याच्या मागे लागले.

"मामा, एकच गाणं."

"गळा गंजलाय गं, ओर्ला."

"गंजू दे. पीगीच्या पबात काळी बिअर ढोसायला येतोसच ना? तिथेच बस. वाटलं तर गा."

बोलले खरी ऐटीत. पण आज हा माणूस गायला नाही तर पुन्हा कधीच गाणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दुपारी सहलीची बस पबापुढे थांबली. पाहुण्यांसमोर माशांचं सूप आलं. मामा कोपऱ्यात टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने डोळे मिटले आणि सूर लावला. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याचं ते लांबलचक गाणं! माझ्या अंगावर काटा आला. पहिलं कडवं संपताच काउंटरमागून पीगी आमच्या आयरिशमध्ये ओरडली, "वा रे पठ्ठ्या!"

"शूऽऽ!"

हे आमचे म्युनिकचे झायलरसाहेब. माणूस वाईट नाही. वेक्सफर्डला ऑपेरा चालू असताना यांनी नुसत्या नजरेने एका बाईला टॉफी कागदातच ठेवायला लावली होती. त्यांच्या लेखी शांतता म्हणजे आदर. आमच्याकडे दाद दिली नाही तर गाणाऱ्याला वाऱ्यावर सोडल्यासारखं होतं. पण पाहुण्याने दटावलं, म्हणून सगळा पब चिडीचूप झाला. दुसरं कडवं मामाने त्या शांततेत कसंबसं रेटलं. तिसऱ्यात तो थांबला.

"काय झालं, मामा?"

"काही नाही गं. घरीही असंच असतं. मी बोलतो, आणि समोरून काही येत नाही."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी वळले आणि मामाचं बोलणं शब्दन् शब्द झायलरसाहेबांना इंग्रजीत सांगितलं. त्यांचे कान लाल झाले.

"मी आदरानेच..."

"माहीत आहे. आता उठा आणि त्यांचा हात धरा."

"मी?"

"गप्प तुम्ही केलंत ना? मग तुम्हीच. इथे गाणाऱ्याचा हात कोणीतरी धरून फिरवतं, रहाट फिरवावा तसा, हळूहळू. ते काम मामीचं होतं."

ते मुकाट्याने मामाशेजारी जाऊन बसले. मामाने त्यांचा तळवा न्याहाळला.

"अगं, हा तर लोण्याचा हात!"

पब हसला. मग मामाने आपला हात पुढे केला आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

कडवं संपलं, तरी कोणाची तोंड उघडायची छाती होईना. झायलरसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग मान वर करून, पीगीचेच शब्द पार मोडूनतोडून, ते जोरात ओरडले, "वा रे पठ्ठ्या!"

पब असा उसळला की सुपाच्या वाट्या हलल्या. त्यानंतर ओळीओळीला दाद मिळत गेली आणि मामाचा आवाज मोकळा होत गेला. माझा मामा! मला तर नाचावंसं वाटत होतं.

शेवटची ओळ आमचे लोक गात नाहीत, साधी बोलतात. मामा ती बोलला आणि त्याने डोळे उघडले. टाळ्या पडल्या. झायलरसाहेबांना तीही मधलीच दाद वाटली. ते आपले मामाचा हात फिरवतच होते. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, गॉलवे शहरातलं संध्याकाळचं नाटक गाठायचं होतं. गाणं संपलं, हे सांगायला मी त्यांच्याकडे वाकले.

"ओर्ला," मामा हळूच म्हणाला, "सांगू नकोस गं त्यांना."