मागेल तो बाद

जुम्म्याची नमाज संपली तरी मशिदीच्या अंगणातून कोणी हललं नाही. आज गावप्रमुख निवडायचा होता. पुरुष फरशीवर, बायका पडद्यामागच्या ओसरीवर, मत दोघांनाही. नियम जुनाच: पद म्हणजे अमानत, लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव. नाव दुसऱ्याने सुचवायचं. जो स्वतः मागेल, तो बाद.

वरच्या गल्लीतला गिरणीवाला बरीच वर्षं प्रमुख होता. पाण्याच्या टाकीची चावी कायम त्याच्या कमरेला. वरच्या गल्लीत नळ धो धो वाहत. खालच्या गल्लीत नळाला नुसती हवा. म्हणून या खेपेला खालच्या गल्लीने आपल्यातल्या शिंप्याचं नाव पक्कं केलं होतं. शिंपी मनाचा मोकळा आणि जिभेचा त्याहून मोकळा. बायकोने महिनाभर बजावलं होतं, "हवं तर तोंडात टाचण्या धरून बसा, पण बोलू नका."

दोघांची नावं सुचवली गेली. इमामसाहेब हात मोजायला उठले, तोच गिरणीवाला म्हणाला, "खालच्या गल्लीला पाणी आणणार कोण? हा? याला साधी बाही सरळ लावता येत नाही!"

अंगणात खसखस पिकली. शिंप्याचे कान लाल झाले. पडद्याआड बायको जोरात खाकरली. उशीर झाला होता.

"मी आणतो! मला करा प्रमुख, उद्याच पाणी सोडतो!"

खालच्या गल्लीने कपाळावर हात मारले. इमामसाहेब खेदाने म्हणाले, "भाऊ, तुम्ही मागितलंत. तुमचं नाव गेलं."

गिरणीवाल्याला आनंद आवरेना. तो उभाच राहिला. "चला, मिटलं! मग आता मलाच द्या की पुन्हा!"

मग मागून कोणीतरी ओरडलं, "मागितलं! यानेही मागितलं!"

एकच गलका झाला. गिरणीवाला "तसं नव्हतं म्हणायचं" म्हणत राहिला. इमामसाहेबांनी दाढीवरून हात फिरवत हसू लपवलं. "दोघंही बाद. दुसरं नाव?"

पडद्याआडून खणखणीत आवाज आला. गिरणीवाल्याची आई. "शिंप्याची बायको. असल्या नवऱ्याला महिनाभर गप्प ठेवलं, गाव काय अवघड आहे तिला?"

"अम्मी!" गिरणीवाला ओरडला. "बाई?"

"गावाच्या सल्ल्यात बायकांचा शब्द घेतोच," इमामसाहेब म्हणाले. "कारभार का नको?"

"मला नको हो," शिंप्याची बायको कळवळून म्हणाली. "घागरी वाहून खांदे गेलेत माझे."

"नको म्हणतेय, म्हणजे लायक आहे," म्हातारी म्हणाली.

हात वर झाले. खालची गल्ली सगळी, आणि वरच्या गल्लीतलेही बरेच. इमामसाहेबांना मोजायची गरज पडली नाही.

गिरणीवाल्याने चावी सोडली, आईकडे न बघता पडद्याखालून सरकवली. शिंप्याच्या बायकोने ती हातात घेतली. "ही माझ्या घरी नको. मशिदीच्या दाराशी खिळ्याला टांगा, येताजाता सगळ्यांना दिसेल. पाणी दोन्ही गल्ल्यांना आळीपाळीने. माझं चुकलं तर तिथल्या तिथे टोका."

शिंपी पुढे सरसावला. "मग आज खाली पाणी—"

"बोलायचं तर आधी हात वर करा," पडद्याआडून ती म्हणाली.

शिंप्याने निमूट हात वर केला. वरच्या गल्लीचं हसू थांबेपर्यंत खालच्या गल्लीतल्या बायका घागरी आणायला धावल्याही होत्या.