मीठ बघणारी

चमचीला खरं नाव होतं, पण ते फक्त शाळेत वापरलं जायचं. घरात ती चमचीच. ती अगदी लहान असताना रमजानच्या एका संध्याकाळी आईने लाकडी चमच्यावर फुंकर मारली, रश्शाचा थेंब तिच्या जिभेवर ठेवला आणि म्हटलं, "मीठ बघ गं." पोरीने डोळे मिटले, न्यायाधीशाला लागतो तेवढा वेळ घेतला आणि निकाल दिला, "कमी." त्या दिवसापासून ती त्या घरची मीठ बघणारी झाली.

रोज्यात स्वयंपाक करायचा, पण चाखायचा नाही, ही मोठी पंचाईत. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर चालतं, असं मौलाना सांगायचे. पण चमचीची आई म्हणजे भाभी, आणि भाभीच्या आईने जन्मात तसं केलं नव्हतं, आणि आईने जे केलं नाही ते भाभी कशाला करते! माहेरी घरभर पोरं होती. एकाला हाक मारली की तिघं तोंड उघडून उभी राहायची. इथे परमुलखात घरात माणसं तीन. नवरा शहराची बस चालवायचा, त्याचा रोजा. भाभीचा रोजा. उरली चमची.

भाभी हेही काही तिचं नाव नव्हे. नवऱ्याचे मित्र तिला भाभी म्हणायचे. ती ज्या दुकानात कपडे दुरुस्त करायची, तिथल्या मालकिणीने ते ऐकलं, तिला तेच नाव वाटलं आणि तिने शिलाई मशीनवर तशी चिठ्ठी चिकटवली. भाभीने दोनदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, सुटलेल्या पोटांसाठी कोट सैल करायचे. कापडाच्या बाबतीत तिला अंदाज चालत नसे. टेप लावल्याशिवाय ती कात्री हातात घ्यायची नाही. मिठाला टेप लावता येत नाही, एवढंच तिचं दुखणं.

या शहराला रमजानची खबरच नव्हती. सकाळच्या सुट्टीत दुकानातल्या बायका तिच्यासमोर कॉफी प्यायच्या आणि दरवर्षी नव्याने विचारायच्या, "पाणीसुद्धा नाही?" नवरा शेवटच्या थांब्यावर बस उभी करून, आरशात केस सारखे करून, खिशातला खजूर तोंडात टाकायचा आणि लगेच परतीच्या फेरीला निघायचा. ईदच्या रजेचा तर दरवर्षी तमाशा. मालकीण विचारायची, "तुझा सण नक्की कुठल्या दिवशी?" भाभी म्हणायची, "चंद्र दिसला की सांगते." मालकिणीला वाटायचं ही आपली थट्टा करतेय.

भाभीला या गोष्टींचं हसू यायचं, पण एक गोष्ट तिला आतून खायची. चमची मोठी झाल्यावर तिला काय आठवेल? माहेरची ईद भाभीच्या नाकात अजून होती, नव्या कापडाचा वास, अत्तर, दुधात शिजणाऱ्या शेवया. या पोरीला काय आठवणार? अब्बांनी एक दिवस रजा काढली आणि दुपारी झोपून गेले, एवढंच?

म्हणून यंदा चमचीने कंबरेवर हात ठेवून जाहीर केलं की पहिल्याच रविवारी मी पूर्ण रोजा धरणार, तेव्हा भाभीचा आनंद पोटात मावेना. पहिला रोजा म्हणजे छोटं लग्नच. मुलीला नवे कपडे, गळ्यात हार, चार माणसं जेवायला. भाभीने दुकानातल्या उरलेल्या हिरव्या रेशमातून झगा शिवायला घेतला. नवऱ्याचा मित्र, इमारतींमध्ये वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन, आणि त्याची बायको यांना बोलावणं गेलं. ही बायको फार गोड बोलायची, पण कुणाच्या घरचं काय बिघडलं हे तिच्याकडून आठवडाभर सगळ्यांना कळत राहायचं.

शनिवारी मटण मुरवत ठेवताना भाभीच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, उद्या मीठ कोण बघणार?"

नवरा बूट काढता काढता थांबला. "अंदाजाने घाल की."

"अंदाजाने? लेकीच्या पहिल्या रोज्याला? आणि ती बया समोर बसलेली असताना?"

"मग खालच्या आजींना विचार."

खालच्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहायच्या. मुलगा दुसऱ्या गावी, फोनवर आई धडधाकट आहे एवढं ऐकून खूश असणारा. या दोन घरांचं आजवरचं नातं म्हणजे जिन्यात हवापाण्याच्या चार गोष्टी, आणि एकदा आजींनी दारावर लावलेली चिठ्ठी की रात्री शिलाईचा आवाज खाली येतो. तेव्हापासून भाभी मशीनखाली जुनी सतरंजी घालायची आणि आजी दिसल्या की पायऱ्या जरा भरभर उतरायची. पण गरज पडली की माणसाला बरंच काही विसरता येतं. रविवारी दुपार कलताच ती वाटीत रस्सा घेऊन खाली गेली.

"आजी, तुम्ही आमचं मीठ बघाल का?"

आजींना काही कळेना. भाभीने आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं. आजी म्हणाल्या, "पाणीसुद्धा नाही?" मग आत गेल्या, चष्मा लावून आल्या. मीठ बघायला चष्मा कशाला, असं भाभीच्या मनात आलं, पण तिने वाटी पुढे केली. आजींनी घास जिभेवर घोळवला, भिंतीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "थोडं कमी आहे."

भाभी वर गेली, चिमूटभर टाकलं, खाली आली. आजींनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "अजून थोडं." पुन्हा वर, पुन्हा खाली, असं चार-पाचदा झालं आणि दर वेळी चिमूट मोठी होत गेली. उपाशी पोटी जिना चढउतार करून भाभीला धाप लागली, पण जीव थंड झाला. बाई काटेकोर आहे, असं तिला वाटलं. शेवटी आजींनी मान हलवली, "आता अगदी बरोबर." भाभीने कृतज्ञतेच्या भरात त्यांनाही जेवायला बोलावून टाकलं.

संध्याकाळी चमची हिरव्या झग्यात, गळ्यात हार घालून, सुकलेल्या ओठांनी आणि ताठ मानेने खुर्चीवर बसली होती. तिच्या शेजारी आजी, छातीवर जुनी मोत्यांची पिन लावून आलेल्या. वेळ झाली. चमचीने खजूर खाल्ला, पाणी प्याली, सगळ्यांनी तिला दुवा दिल्या, आजींनी टाळ्या वाजवल्या. भाभीचे डोळे भरून आले. नमाज झाली, मग ताटं वाढली गेली.

पहिला घास तोंडात गेला आणि भाभीला जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. रस्सा खारट नव्हता, खारट म्हणणं कमीच पडलं असतं. नवऱ्याने घास गिळला आणि छताकडे पाहिलं. इलेक्ट्रिशियनच्या बायकोच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. आजी मात्र छान जेवत होत्या. त्यांनी चमचीकडे झुकून विचारलं, "कसं झालंय? तू तर यातली तज्ज्ञ आहेस म्हणे."

सगळे चमचीकडे बघायला लागले. या पोरीने मिठाच्या बाबतीत कधी कुणाची भीड ठेवली नव्हती. खुद्द मौलाना जेवायला आले होते तेव्हाही तिने मोठ्याने सांगितलं होतं, "कबाब आळणी." भाभीने डोळे मिटून घेतले.

चमचीने आजींच्या ताटाकडे पाहिलं. ताट जवळजवळ रिकामं झालं होतं आणि पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला होता, आजींनी त्याला हात लावला नव्हता. तिने आणखी एक घास घेतला, सावकाश चावला.

"एकदम बरोबर झालंय," ती म्हणाली.

मग प्रत्येकाने जेवण संपवलं. तीन जग पाणी लागलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "दिवसभर रोजा होता, पाणी तर प्यायलाच हवं," आणि त्याच्या बायकोने चक्क होकार दिला.

पाहुणे गेल्यावर भाभी भांड्यांशी झटापट करायला लागली. "माझ्या पोरीचा दिवस नासवला त्या बाईने. येत नव्हतं तर तोंड उघडून सांगायला काय झालं होतं?"

"अम्मी, त्यांना चव कळतच नाही," चमची म्हणाली. "मी त्यांना लोणच्याची फोड दिली, ती त्यांनी भातासारखी खाल्ली."

"काहीतरीच तुझं."

"तू बघ वाटलं तर."

दुसऱ्या दिवशी भाभीने बघायचंच ठरवलं. दुकानातून आली, तीच पातेली चढवली आणि रश्शात मिठाचा कणही टाकला नाही. आता जाते आणि सरळ तोंडावर विचारते, असं घोकत ती जिना उतरली. चमचीने दुसराही रोजा धरला होता आणि पुढचे सगळे धरणार होती, त्यामुळे आता महिनाभर मीठ बघायला घरात कुणी नव्हतंच.

आजींचं दार आधीच किलकिलं उघडं होतं. आत टेबलावर पांढरा रुमाल अंथरला होता, त्यावर बशी आणि कपाटातून काढलेला नक्षीचा चमचा. आजींनी केस विंचरले होते आणि पिन आजही लावली होती. मागे शेगडीवर दूध करपून काळं झालं होतं आणि वास घरभर भरला होता. आजींना त्याचा पत्ताच नव्हता. भाभीने आत जाऊन शेगडी बंद केली.

आजींनी चमचा तोंडात घेतला आणि भिंतीकडे पाहिलं. यावेळी भाभीनेही तिकडे पाहिलं. भिंतीवर काही नव्हतं. ही बाई तिथे उत्तर शोधत होती, हे तिला एकदम कळलं.

"अगदी बरोबर," आजी म्हणाल्या. मग त्यांनी चमचा खाली ठेवला. "काल बरोबर होतं ना? सगळे फार पाणी पीत होते."

वरून घोकून आणलेलं सगळं भाभीच्या तोंडाशी आलं होतं. त्या टेबलावरच्या एकाच बशीकडे बघून तिने ते गिळून टाकलं. तिला रडू येत होतं आणि आपलाच रागही येत होता.

"काल अगदी बरोबर होतं, आजी. उद्या याच वेळी येते."

मग महिनाभर असंच चाललं. भाभी वर अंदाजाने मीठ घालायची आणि खाली जाऊन निकाल घेऊन यायची. कधी चमची वाटी घेऊन जायची आणि अर्धा अर्धा तास परत यायची नाही. अंदाज आठ दिवसांत बसला. कापड मोजणाऱ्या बाईला स्वतःच्या चिमटीवर विश्वास बसायला परदेशात यावं लागलं, असं नवरा म्हणाला आणि त्याबद्दल त्याने बोलणी खाल्ली.

चंद्र दिसला. मालकिणीने रजा दिली. ईदच्या सकाळी नवरा नमाज पढून आला, चमची हिरव्या झग्यात घरभर फिरत होती. माहेरून फोन आला. पलीकडून नानीने विचारलं, "पहिला रोजा कसा झाला गं बाळा?"

"खारट!" चमची ओरडली आणि हसत सुटली. "नानी, इतका खारट की सगळ्यांनी तीन जग पाणी प्यालं, तरी ताटात कुणी काही टाकलं नाही. आमच्या आजीसुद्धा होत्या."

भाभी शेवया ढवळत होती. तिने हे ऐकलं आणि पळीभर शेवया काढून, सवयीने फुंकर मारून, चमचीपुढे धरल्या. "साखर बघ."

चमचीने ओठ घट्ट मिटले. "आधी आजी."

भाभी वाटी घेऊन खाली गेली. आज दार बंद होतं. महिनाभरात पहिल्यांदा तिला ते ठोठावावं लागलं. आजी बाहेर आल्या, केस विस्कटलेले, अंगात घरातला जुना स्वेटर.

"तुमचा महिना संपला ना," त्या म्हणाल्या. "आता तुझं तूच चाखू शकतेस."

"साखर बघायचीय, आजी."

आजींनी वाटी घेतली. घास घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला. भिंतीकडे मात्र पाहिलं नाही. खाली बघत त्या म्हणाल्या, "मला कळत नाही, भाभी. आजारी पडले तेव्हापासून काहीच कळत नाही. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा सांगायला हवं होतं. पण कितीतरी वर्षांत मला कुणी काही विचारायला आलं नव्हतं."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

आजींनी मान वर केली. जिन्यात वरून चमचीची हाक आली की शेवया थंड होतायत.

"साखरेचं राहू द्या," भाभी म्हणाली. "गरम आहे का, ते तरी सांगा."

आजींनी दुसरा घास घेतला. डोळे मिटले, वेळ घेतला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या.

"मग चला वर," भाभी म्हणाली. "पिन लावून या, मी थांबते."