अर्धा किलो कमी

मी वजनकाटा बोलतोय. नाक मुरडू नका, भाजीवाल्याचा नाही मी. कार्ला गावच्या आशा सेविका सारिकाताई यांच्या पिशवीत माझा मुक्काम, आणि काम फक्त तान्ही बाळं तोलायचं. वर कडी, पोटात स्प्रिंग, खाली कापडी झोळी. मला पाच किलोच्या पुढे मोजता येत नाही आणि खोटं दाखवता येत नाही. त्यातल्या दुसऱ्या खोडीचा लोकांना जास्त त्रास होतो.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, ते फारसं आठवत नाही. पहिली फजिती मात्र आठवते. ताईंचे दीर महिपती यांनी मला गुपचूप गोठ्यात नेऊन गावरान कोंबडा लटकवला. कोंबड्याने सगळा राग माझ्यावर काढला आणि ताईंनी मला तीनदा साबणाने धुतलं. त्यानंतर कितीही बाळं अंगावर मुतली तरी मी हूं की चूं केलं नाही.

माणसांचं एक मला कळत नाही. बाळ गुटगुटीत व्हावं म्हणून जिवाचं रान करतात, आणि झालं की लपवतात. चिमाबाईंचंच बघा. त्यांची सून चैताली बाळंत झाली तेव्हा पोर पावणेतीन किलोची होती. चौदाव्या दिवशी ताईंनी मला पडवीतल्या वाशाला टांगलं आणि माझा काटा झोकात तीनवर गेला. तोच चिमाबाई ताईंच्या कानाशी लागल्या.

"ताई, वहीत खरं लिवा. पन बोलताना अर्धा किलो कमी बोला. शेजारनी कान लावून बसल्यात. माजा पयला असाच गुटगुटीत व्हता. समद्यांनी कवतिक केलं, अन् म्हयन्यात गेला."

ताईंनी वहीत तीन लिहिलं. "अडीच किलो," त्या मोठ्याने म्हणाल्या. पुढच्या दोन खेपांनाही तेच नाटक. शेजारणी हळहळायच्या, "आईचं दूध पुरत नसंल." चिमाबाई मनात खूश. मला तर भलतीच मजा वाटत होती.

आतल्या खोलीत चैताली हे सगळं ऐकत होती. ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पोटुशी असल्यापासून तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. झोप लागायची नाही, उगीच रडू यायचं. नवरा प्रदीप कारखान्याच्या पाळ्यांत अडकलेला. ताईंनी विचारलं की ती म्हणायची, "काय न्हाई." घरातले म्हणायचे, पहिलटकरीण आहे, असं व्हायचंच. आता ती पोरीला पाजायची आणि लगेच सासूच्या हवाली करायची. तिच्या तोंडाकडे बघायचीही नाही.

बेचाळिसाव्या दिवशी ताई झोळी अडकवत होत्या. चैताली दारात येऊन उभी राहिली.

"ताई, आजबी कमीच भरंल. तिला वरचं दूध लावा अन् आत्याबाईंकडंच ऱ्हाऊ द्या. माज्यापाशी ती वाळत चाललीय. मी नसले तर बरी वाढंल."

आयुष्यात पहिल्यांदा मला लाज वाटली. आकडा मी खराच दाखवला होता, पण जिला दाखवायचा तिला कधीच नाही.

ताईंनी पोरीला झोळीत ठेवलं आणि मला चैतालीच्या हातात दिलं. "तूच धर, अन् तूच वाच."

तिने दोन्ही हातांनी मला उचललं. चार किलो तीनशे. तिने पुन्हा वाचलं.

"काटा बिघडलाय."

"काटा बरोबर आहे. चुकलो आम्ही," ताई म्हणाल्या.

चिमाबाईंनी तोंडाला पदर लावला. "मीच त्यास्नी कमी बोलाया लावलं, पोरी."

चैताली हमसून हमसून रडली. मग पोरीला झोळीतून काढून तिने छातीशी धरलं. "लय जड झालीस की गं," असं पहिल्यांदाच तिच्याशी बोलली.

एवढ्याने ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी ताई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, चिमाबाईही सोबत होत्या. बाळंतिणीला मनाचंही दुखणं होऊ शकतं आणि ते बरंही होतं, हे त्यांना तिथे कळलं. प्रदीपने पाळी बदलून घेतली. तरी दोन-तीन महिने गेलेच.

आता माझी स्प्रिंग सैल झालीय. ताईंच्या पिशवीत बॅटरीवरचा नवा काटा आलाय, मी खुंटीवर आहे आणि महिपती पुन्हा माझ्याभोवती घुटमळू लागलेत. कोंबड्याच्या तावडीत सापडण्याआधी एक मागणं मागतो. बाळ तोलाल तेव्हा आकडा आधी आईला दाखवा. आणि माझी शेवटची खेप ऐका.

त्या दिवशी पोरीने माझा काटा पाचावर नेऊन टेकवला. "पाच किलो!" चैतालीने अख्ख्या आळीला ऐकवलं. चिमाबाईंनी घाईघाईने मीठ-मिरची ओवाळली आणि चैतालीकडे बोट दाखवून ताईंना म्हणाल्या, "आता हिचं बगा."

"मावशी, मोठ्या माणसाचं वजन यावर होत नाही."

"त्ये मलाबी कळतंय. काटा ठिवा खाली, अन् कशी हाय म्हून इचारा तिला."

ताईंनी मला खाली ठेवलं आणि विचारलं. या वेळी चैताली "काय न्हाई" म्हणाली नाही. ती ताईंच्या शेजारी बसली आणि बोलू लागली.